आत किती माणसं

उंबरठ्यावर रिना थांबली. केसांतली पिन काढून तिने आईच्या हातात दिली, फ्रॉकचा खिसा उलटा करून दाखवला, दाराशी झेंडूची फुलं घालून मांडलेल्या तांब्याच्या घंगाळाला तळहात टेकवला, आणि मग आत न जाता तिथेच उभी राहिली. आत वाढदिवसाचा गलका चालला होता. फुगे, कागदी टोप्या, भिंतीवर ‘पियुष’ अशी चमचमती अक्षरं. हर्षाच्या एका हातात भेटवस्तूचा खोका, दुसऱ्या हातात ती पिन, आणि मागे लिफ्टमधून उतरलेलं एक अख्खं कुटुंब रांगेत थांबल्यासारखं थांबलेलं.

"जा ना बेटा आत," हर्षा म्हणाली.

"भरलं हाय."

"काय भरलं?"

"खोली. किती मानसं हायत पाह्य. कोनी बाहेर आलं का मंग मी जाईन."

मागचं कुटुंब हसलं. आतली माणसंही हसली, आणि हसणाऱ्यांत सर्वांत पुढे रश्मी होती. रश्मी म्हणजे हर्षाची ऑफिसातली मैत्रीण, पियुषची आई, आणि चार वर्षांखालच्या समस्त पोरांबद्दल ठाम मतं असलेली बाई. रश्मीच्या सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या कौतुकाने पुढे आल्या. "बाप्पा, किती संस्कार! कलशाले हात लावल्याबिगर घरात पाय नाई टाकत पोरगी," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज जरा खाली आणून, "तुमच्यात असते का हे?" हर्षा सहकारी संस्थांचं ऑडिट करते. कोणता शब्द कोणत्या बाजूला जातो हे तिला वाक्य संपायच्या आत कळतं. संस्कार जमेला, तुमच्यात नावे, शिल्लक काही नाही. ती छानसं हसली आणि रिनाला उचलून आत घेऊन गेली. कडेवरच्या पोरीचं अंग तिला ताठ लागलं, काठोकाठ भरलेलं भांडं उचलावं तसं.

पुढचं सगळं केक कापल्यावर झालं. एक फुगा पंख्याला लागून फुटला. पोरं किंचाळली, दोघं रडली, एकजण आनंदाने उड्या मारू लागला, आणि स्वतः पियुष आईच्या साडीत शिरला. रिना जिथे होती तिथेच उभी राहिली. तोंड किंचित उघडं, हात अंगाजवळ. गलका ओसरला तशी ती मान वळवून एकेकाकडे पाहू लागली. बोट वर-खाली होत होतं. मोजून झाल्यावर तिने जवळच्या एका अनोळखी बाईला अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "सगळे हायत ना?" त्या बाईने हर्षाकडे पाहिलं. हर्षाने केककडे पाहिलं.

स्वयंपाकघरात प्लेटा पुसता पुसता रश्मीने विषय काढलाच. "हर्षा, राग नको मानू. पन हे बरोबर नाई. पोट्टं फुगा फुटला का रडते, नाई तं हसते. हे हजेरी घेऊन राह्यली."

"मामाजीसंग राह्यते ना दिवसभर. त्याईचंच पाहून."

"तेच म्हनून राह्यली मी. म्हाताऱ्या सासऱ्यापाशी ठेवून तू पोरगी म्हातारी करून टाकली. पियुषच्या शाळेत टाक तिले. आपल्या ऑफिसाच्या मागं तं हाय. सकाळी संग आन, संग ने. मी बोलू मॅडमशी? सोमवारपासून?"

"हो," हर्षा म्हणाली. पाणी हवं का विचारल्यावर माणूस म्हणतं तसं. म्हणून झाल्यावर तिला कळलं, की आपण एका म्हाताऱ्या माणसाचा दिवस काढून घेतला.

भद्रावतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. रिना मांडीवर झोपली होती, आणि झोपेतही तिची मूठ कागदी टोपीभोवती अशी हलकी होती, की टोपीला एक चुणी पडली नव्हती. संध्याकाळ व्हायला आली होती. पडोलीच्या चौकातून बस वळली, ट्रकांची काळी धूळ काचेवर बसली, आणि धुळीपलीकडचा सूर्य कुणीतरी कापडात बांधून ठेवल्यासारखा दिसू लागला. हर्षाला डुलकी येत होती, पण ती तो ‘हो’ सांभाळत बसली होती. घरी नेऊन तो सासऱ्यांपुढे ठेवायचा होता. कसा ठेवायचा? आवाज न करता ठेवता आला असता तर त्या घराला शोभला असता.

त्या घराशी तिचं लग्न आवाजावरूनच ठरलं होतं. पाहण्याच्या कार्यक्रमात अश्वजितने चहाचा कप बशीत ठेवला आणि काहीच वाजलं नाही. तिने मान वर करून पाहिलं, खरंच ठेवला का ते. तिच्या माहेरी, आरमोरीकडच्या त्या गावात, भांडं आपटल्याशिवाय बाईचं म्हणणं पुरं होत नसे, आणि दार आपटल्याशिवाय बापाचं. हा माणूस तिला एकदम उन्हातून सावलीत आल्यासारखा वाटला. तिने ते जमेला धरलं. मग लग्नानंतर कळलं, की अश्वजित दारंही आपटत नाही, भांडतही नाही, आणि काही फारच झालं तर बदली मागून घेतो. आता तो एटापल्लीला आश्रमशाळेवर शिकवतो आणि शनिवारी रात्री येतो, इतक्या हळूच, की सकाळी उठल्यावर बूट पाहून कळतं. तीच नोंद. फक्त बाजू बदलली.

आणि हे त्याच्यात आलं होतं त्याच्या बापाकडून. लहानू मेश्राम, दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त. तिथे काय करत होते विचारलं तर "भरत होतो" एवढंच सांगत. काय भरत होते, हे त्यांच्या बायकोलाही, सीतामामींनाही, मरेपर्यंत त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगायचं नसतंच. पण हात सांगत. रिना दोन वर्षांची झाली आणि हर्षाची रजा संपली, तेव्हा ते म्हणाले, "जा तुम्ही कामावर. पोरीले मी पाह्यतो," आणि पोरीच्या हातात पाण्याचा पेला दिला. काचेचा. हर्षाचा जीव वर आला. शेजारीपाजारी सगळीकडे पोरांना प्लास्टिक. म्हाताऱ्याने पोरीचं बोट एकेक करून काचेवर बसवलं. "आता हा तुह्या हाताचाच हाय," ते म्हणाले. तो पेला अजून तोच आहे. पुढची दोन वर्षं हर्षा ऑफिसात त्या पेल्यावर मिरवली. माझी पोरगी काही फोडत नाही, सांडत नाही, धावत नाही. रश्मी कपाळाला हात लावून म्हणे, "मले भाड्यानं दे वं तुहा सासरा."

घोडपेठच्या अलीकडे उतारावर फोन वाजला. अश्वजितचा. एटापल्लीला तो झाडाखाली एका ठराविक जागी उभा राहिला की रेंज येते, म्हणून त्याच्या फोनवर नेहमी पानांचा आवाज असतो. तिने हलक्या आवाजात सगळं सांगितलं. पिन, खिसा, घंगाळ, मोजणं.

तो पानांच्या आवाजातून ऐकत होता. मग म्हणाला, "तांब्याले हात लावला?"

"हो. काऊन?"

"भरणीच्या खोलीच्या दाराशी तांब्याची पट्टी राह्यते म्हने. आत जायच्या आधी हात लावाचा. आंगातला करंट निघून जाते, ठिणगी पडत नाई. लोखंड आत न्याचं नाई, पिनबी नाई. अन् दारावर पाटी राह्यते, आत किती मानसं चालतील त्याची. एक जास्त झाला का कामच बंद. मी लहान होतो तवा बाबानं एकदाच सांगितलं होतं. झोपेत सांगितल्यावानी."

"अन् मोजनं?"

"ते... आवाज झाला का मोजाचं. सगळे हायत का." पानं सळसळली. "हर्षा, मलेही तं असंच वाढवलं त्याईनं. काई बिघडलं का माहं?"

एवढं म्हणून त्याने फोन ठेवला, नेहमीसारखा हळूच.

म्हणजे घरी आजोबा-नातीचा चालणारा खेळ हाच होता. हर्षा अर्ध्या झोपेत एकेक तुकडा जवळ ओढत राहिली. घराच्या दाराशी स्टुलावर ठेवलेला तांब्याचा तांब्या, जो तिला आल्यागेल्याच्या पाण्यासाठी वाटत होता आणि ज्यात कधी पाणी नसे. ‘दरबान-दरबान’, ज्यात रिना दारात उभी राहून आजोबांचे खिसे तपासते, विडीचं बंडल काढून घेते आणि म्हातारा शरमिंदा चेहरा करून म्हणतो, "चुकलं साहेब." आतल्या खोलीच्या दारावर खडूने काढलेला चारचा आकडा, जो तिला अंकओळख वाटला होता. वाटलं होतं म्हणजे काय, तिने तो रश्मीला फोटो काढून पाठवला होता. आणि गावाजवळच्या कोळशाच्या खाणीत दुपारी होणारे ते स्फोट. जमीन जराशी हलते, काचेच्या कपाटातली भांडी किणकिणतात, आणि सुट्टीच्या दिवशी तिने पाहिलं होतं, म्हातारा आणि नात एकदमच मान वर करून एकमेकांकडे पाहतात, मग खोलीभर, मग पुन्हा आपापल्या कामाला लागतात. ते पाहताना तिला मजा वाटली होती. एखाद्या देवळातली माणसं घंटेला जशी एकदम वळतात.

बस थांबली, सुटली. हर्षा आता बसमध्ये होतीही आणि नव्हतीही. बाहेर पळसाची झाडं अंधारात शिरत होती, त्यांचा लाल रंग आधी विझला आणि मग झाडं. कुठूनतरी मोहाचा वास आला, गोड, किंचित कुजका, आणि ती एका गोलात बसली होती. मोहाच्या झाडाखालचा पालापाचोळा झाडून, जाळून तिच्या आईने केलेला तो काळाभोर गोल. पहाटेची थंडी, आईच्या लुगड्याचा तुकडा अंगावर, वय असेल रिनाएवढंच. "ह्या गोलात जे पडन ते आपलं," आईने सांगितलं होतं. "गोलाबाहेरचं जंगलाचं. तिथी पाय टाकाचा नाई." आणि आई टोपली घेऊन पुढच्या झाडाकडे जाई. हर्षा एकटी बसे आणि ऐके. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप, टप. प्रत्येक पडण्यासरशी तिच्या पोटात एक लहानसा आनंद हले. फूल पडलं, आपलं झालं. अंधारात ते पांढुरकं दिसे, हाताला थंड आणि ओलसर लागे, आणि तोंडात टाकलं की जीभ जड होई. भीतीही होती. गोलाच्या कडेला जंगल श्वास घेत असे. पण वर झाडात काहीतरी सुटत राहायचं, आणि जोवर सुटत राहायचं तोवर सगळं ठीक होतं. पडणं थांबलं की आई घरी चल म्हणायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ती तिथेच शिकली होती. पडण्याची वाट पाहायला.

रिनाला कुणीतरी गोल काढून दिला आहे, तिला वाटलं, आणि त्या गोलात काही पडतच नाही. तिने झोपेतल्या पोरीचे केस बाजूला केले. पिन अजून तिच्या पर्समध्ये होती.

घराच्या दारात दिवा लागलेला होता. म्हातारा पायरीवर बसून होता, त्या लवकरच आल्यात असं दाखवत, उशीर झाल्याची काळजी लपवत. "आल्या का," ते म्हणाले. रिना जागी झाली, कडेवरून उतरली, तांब्याला हात लावला, टोपी दाखवली. "कागदाची हाय, आबाजी." "मंग चालते," ते म्हणाले. मग तिने त्यांचे खिसे तपासले. आज काही निघालं नाही. ती जराशी हिरमुसली.

हर्षाने चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगितलं. तिने ठरवलेल्या वाक्यांपैकी एकही आलं नाही. रिना दारात थांबली ते ऐकून लहानूंच्या चेहऱ्यावर आधी अभिमानच आला. "थांबली? कोनी न सांगता?" फुग्याचं ऐकताना तो अभिमान गेला नाही, तिथेच राहिला, पण त्याच्याखालून काहीतरी काढून घेतल्यासारखा.

"रडली नाई?"

"नाई मामाजी. मानसं मोजली. अनोळखी बाईले इचारलं, सगळे हायत ना म्हनून."

ते आपल्या हातांकडे पाहत राहिले. गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात, वयाने सुकलेले, पण अजून जराही न थरथरणारे. त्या हातांनी इतकी वर्षं एकच काम केलं होतं, काही होऊ दिलं नव्हतं. ज्या दिवशी काही होत नाही त्या दिवसाची नोंद कुणी ठेवत नाही. हर्षासुद्धा नाही, आणि ती तर नोंदींवरच जगते.

"मी शाळेचं बोलून आली," ती म्हणाली. "सोमवारपासून. माह्यासंगच नेईन, माह्यासंगच आनीन."

बोलून ती तयार राहिली. ते आता काय काय म्हणतील याची उत्तरं तिने ताडाळीपासून लावून ठेवली होती. पोरगी लहान आहे. बसचा प्रवास. मी काय कमी केलं. प्रत्येकासमोर तिचा एकेक आकडा होता.

"एका खोलीत किती पोट्टे राह्यते?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस असतील. तीस."

"एकाच खोलीत?"

"हो."

"अन् आवाज?"

"लय."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मंग पोरीले असं नाई पाठवता येत," ते म्हणाले. हर्षाने पहिलं उत्तर ओठांशी आणलं. पण ते उठून आत गेले होते. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला नाही, तरी उघडलं हे कळलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात पेला होता. काचेचा नाही, स्टीलचा. जाड बुडाचा, न फुटणारा. त्यांनी रिनाला चपला घालायला लावल्या. खाट भिंतीकडे सरकवली. फरशीवरून हात फिरवून पाहिला. हर्षाला म्हणाले, "बाई, तुमी दारापाशी राहा." या सगळ्या तयारीचं हर्षाला हसू येत होतं, आणि ते आवरत ती दारापाशी जाऊन उभी राहिली.

"नवा खेळ हाय," त्यांनी रिनाला सांगितलं. "पेला घ्याचा, हात लांब कराचा, अन् सोडाचा."

"कुठी ठेवाचा?"

"ठेवाचा नाई. सोडाचा."

रिनाने पेला घेतला. हात लांब केला. मग गुडघे वाकवले, कमरेत वाकली, आणि पेला फरशीवर असा ठेवला की फरशीलाही कळलं नसेल. वर पाहिलं.

"असं नाई, माय. उभी राह्य. बोटं उघड."

तिने पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तिचा ओठ जरा वाकडा झाला. "पडन ना आबाजी," ती म्हणाली, त्यांना समजवावं तशी.

"पडू दे. मी दाखवतो." त्यांनी पेला हातात घेतला आणि हात समोर धरला. दिव्याखाली पेला चकाकत राहिला. बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली, शेजारी कुकरची शिट्टी झाली, आणि पेला तिथेच होता. हर्षाने त्यांच्या नखांकडे पाहिलं. ती पांढरी पडली होती. ते सोडत होते. मनापासून सोडत होते. त्यांच्या मानेची शीर तट्ट फुगली होती, कपाळावर घाम आला होता, एखादं मोठं वजन उचलताना येतो तसा, आणि बोटं ऐकत नव्हती.

"नाई होऊन राह्यलं," ते हर्षाकडे न पाहता म्हणाले.

रिना पुढे झाली. तिने पेल्याखाली हात धरला नाही. टाचा उचलून तिने आधी त्यांची करंगळी धरली आणि हळूच सरळ केली. मग तिच्या शेजारचं बोट. काचेवर बोटं बसवताना त्यांनी तिला शिकवलं होतं तसंच, एकेक, घाई न करता, जीभ दातांत धरून, फक्त उलट्या बाजूने. मधलं बोट. पेला जरा कलला. हर्षाने डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांत तिला काळाभोर गोल दिसला, पहाट, वर झाडात काहीतरी सुटलेलं.

आवाज केवढा तरी झाला. पेला आपटला, उसळला, पुन्हा आपटला, आणि स्वतःभोवती घरंगळत, लहान लहान होत जाणाऱ्या आवाजात खाटेखाली गेला. मग कपाटातली किणकिणणारी काच थांबली. मग काहीच नाही. हर्षाने डोळे उघडले.

"सगळे हायत?" रिनाने विचारलं.

लहानूंचा हात अजून तसाच समोर होता, उघडा. "मोज तू," ते म्हणाले.

"आबाजी. आई. मी." ती थांबली. "पेला खाटेखाली हाय." आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, जो आधी हर्षाला रडण्याचा वाटला. तो हसण्याचा होता. ती खाटेखाली शिरली, तिथूनही हसत राहिली, आणि केसांना जळमटं लावून, पेला छातीशी धरून बाहेर आली. ती सरळ दाराशी आली.

"आता तू," तिने आईला सांगितलं.

हर्षाने डोळे उघडले. तिचा उजवा हात स्टुलावरच्या तांब्यावर होता. तो तिथे केव्हा गेला हे तिला आठवेना. तिने डाव्या हाताने पेला घेतला.